आज्जीच्या खोलीतला हीटर आणि ती जाड पिन

आमचं गाव जावळी तालुक्यात, मेढ्याच्या पुढं. साताऱ्यात थंडी वाजायला लागली की आमच्याकडं पहाटे दातावर दात आपटतात, त्यात घर जुनं, कौलाच्या फटीतनं वारं येतं. आज्जी आता ऐंशीच्या पुढं गेली, दोन वाकळा घेऊन पण तिचे पाय गार पडतात. म्हणून मागच्या डिसेंबरात साताऱ्यातनं २००० वॅटचा ब्लोअर हीटर घेऊन गेलो.

घरी जाऊन बघतो तर हीटरची पिन जाड, १६ अँपिअरची, आणि आज्जीच्या खोलीत सगळे पॉइंट साधे. मग गावातल्या दुकानातनं जाड पिन साध्या पॉइंटात बसवायचा कन्व्हर्टर आणला, तो एक्स्टेन्शन बोर्डात घातला, त्याच बोर्डावर टीव्ही पण होता, आणि झालं चालू. खोली पंधरा मिनिटांत ऊबदार, आज्जी खूश.

दोन दिवस ती म्हणत होती कसला तरी वास येतोय. नवीन हीटरला सुरुवातीला थोडा वास येतोच, त्यामुळं मी मनावर घेतलं नाही, आणि हे मला आजपण टोचतं. तिसऱ्या रात्री आई दिवा घालवायला गेली तर बोर्ड तपकिरी पडलेला, कन्व्हर्टर वितळून सॉकेटला चिकटलेला. बाबांनी हात न लावता आधी मेन स्विच पाडला म्हणून बरं. बोर्डापासून वाकळ वीतभर पण लांब नव्हती.

दुसऱ्या दिवशी वायरमन आला, त्यानं हिशोब करून दाखवला. २००० ला २३० नं भागलं की साडेआठच्या वर अँपिअर येतात, साधा पॉइंट ६ अँपिअरचा. म्हणजे जाड पिन तिथं बसत नाही हीच खरी सूचना असते, आणि कन्व्हर्टर लावून आपण ती सूचनाच काढून टाकतो. त्यात पिन ढिली असली की तिथंच उष्णता तयार होते. मग फ्यूज का उडाला नाही विचारलं तर त्यानं फ्यूज काढून हातात दिला, कुणीतरी कधीतरी जाड तार गुंडाळून ठेवलेली. असला फ्यूज उडणार कसा? जुन्या घरात राहत असाल तर खरंच एकदा वायरमनकडून हे बघून घ्या.

आता त्या खोलीला मेनपासून वेगळी वायर ओढलीय, १६ चा पॉइंट, एमसीबी (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच), अर्थिंग पण नीट केलं. हीटर थेट भिंतीत, त्याच्यापासून तीन फुटांत अंथरूण, पडदा काही नाही, आणि त्याच्यावर ओला टॉवेल टाकायचा नाही म्हणजे नाही. झोपायच्या आधी तासभर लावायचा (तेवढ्यात २ युनिट जातात), खोली तापली की बंद, प्लग पण काढायचा. रात्रीला गरम पाण्याची रबरी पिशवी, ती पण फडक्यात गुंडाळून, कारण आज्जीला शुगर आहे, पायाला चटका बसला तरी तिला कळत नाही.

लाईट गेली की मात्र आज्जी शेगडी मागते. तिचं म्हणणं निखारे लाल झाले, धूर संपला, मग काय होतंय. पण धूर नसला तरी कोळशातनं कार्बन मोनॉक्साईड निघत राहतो, त्याला ना रंग ना वास, डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि झोपेतल्या माणसाला ते पण कळत नाही. २०२० च्या जानेवारीत नेपाळमध्ये दामनला केरळचे आठ पर्यटक असेच गेले, त्यात चार लहान मुलं होती, खोलीत गॅसचा हीटर लावून दारं खिडक्या लावून झोपलेले. हे आज्जीला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ काही बोलली नाही. आता शेगडी अंगणात पेटते, तिथंच सगळे शेकून घेतो आणि ती आत येत नाही.

यंदा थंडी सुरू झाल्यापासनं रोज रात्री नऊला मी आईला फोन करतो. ती उचलल्या उचलल्या सांगते, काढला रे प्लग.