मालिकेतला कायदा खरा असतो का?

‘वकीलसाहेब, मालिकेत दाखवतात तसं खरंच असतं काय हो?’ कुडाळ असो की रत्नागिरी, कोर्टाच्या आवारात हे कानावर येतंच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर सांगतो. असतं, पण मागच्या पिढीचं.

कायदा ठरल्या तारखेला बदलतो, पडदा सवडीने. सहकारी संस्थांचा कायदा 1960चा. साखरसम्राट ‘सामना’ चित्रपटात दिसला 1975ला. त्याबद्दल तक्रार नाही, सत्ता गावात मुरायला वेळ लागतोच. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024ला लागू झाली, खुनाचं कलम 103 झालं, तरी इन्स्पेक्टर अजून ‘302 लावीन’ म्हणून दम देतो. नव्या संहितेत 302 म्हणजे धार्मिक भावना दुखावणारं बोलणं! हेही हसून सोडलं. हातोडा आपटणारे न्यायाधीश तर कधीच सोडले.

बहिणीची सही मात्र सोडवत नाही.

प्रसंग ठरलेला. गणपतीला चाकरमानी आलेत, माजघरात भाऊ स्टॅम्पपेपर पुढे करतो, बहीण डोळे पुसत सही करते, मागे आरती. पुढच्या भागात बाग भावाची. अहो, जमिनीचं हक्कसोडपत्र नोंदवावंच लागतं. दस्त नोंदवणाऱ्या दुय्यम निबंधकाकडे जायचं, फोटो, अंगठा, ओळख पटवणारे साक्षीदार. मग तलाठ्याकडे फेरफार म्हणजे हक्कबदलाची नोंद, संबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मंडल अधिकाऱ्याची मंजुरी. तेव्हा कुठे सातबाऱ्यावरचं नाव कमी होतं. माजघरातल्या सहीने हापूसची एक फांदीही इकडची तिकडे होत नाही. आणि एकदा दस्त नोंदला की नुसत्या पश्चात्तापाने तो फिरत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायचा, दिवाणी दावा लावायचा. फसवणूक कळल्यापासून मुदत तीन वर्षं.

त्यात मालिकेतला भाऊ बहिणीला हिस्सा ‘मोठ्या मनाने’ देतो. वडिलोपार्जित मिळकतीत हिंदू मुलगी 9 सप्टेंबर 2005पासून जन्मानेच सहदायाद, म्हणजे मुलासारखीच वाटेकरी आहे. महाराष्ट्रात तर 22 जून 1994लाच, त्या दिवशी अविवाहित असलेल्यांपुरती. वडील 2005च्या आधी वारले असले तरी हक्क जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020ला स्पष्ट केलं. 20 डिसेंबर 2004पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या तेवढ्या उकरता येत नाहीत. यात मोठं मन कुठून आलं?

पूर्वी मी म्हणायचो, करमणूक आहे, कायदा शिकायला कोण बसतंय? आजही निम्मं तेच म्हणेन. फेरफाराची नोटीस दाखवली तर लोक चॅनेल बदलतील. आणि ‘माका काय नको, भावाक दिलंय’ हे टीव्हीने शिकवलं म्हणावं, तर जुन्या सातबाऱ्यांवर बहिणींची नावं ‘इतर अधिकार’च्या रकान्यात ढकललेली सापडतात. तेव्हा घरात टीव्ही कुठे होता?

हक्क सोडणं बेकायदा नाही. माहेरचं येणं-जाणं तुटू नये म्हणून बाई सोडते, आणि मालिका ते रडणं अगदी खरं दाखवते. मग पुढचं का गाळता? निबंधक तिला विचारतो, ‘हा दस्त तुम्हीच करून दिलाय ना?’ तिथे ती ‘नाही’ म्हणाली तर तिच्यापुरती नोंदणी नाकारावीच लागते, भाऊ शेजारी उभा असला तरी. हा एपिसोड अजून कुणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही.