खरा मोगली

काल नेरूरच्या घरी ओंकारला मी मोठ्या हौसेने मोगलीची जुनी कार्टून मालिका दाखवायला बसवले आणि पाच मिनिटांतच त्याने मान हलवून सांगितले, "आते, ह्यो खरो मोगली न्हय." तो लगेच खळ्यात खेळायला पळाला, मी मात्र रात्री अंथरुणावर पडेपर्यंत त्या एका वाक्याशी झुंजत राहिले.

त्याचा मोगली म्हणजे २०१० साली आलेल्या, संगणकावर घडवलेल्या मालिकेतला. ती हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने केलेली, म्हणजे आपल्याच देशातली. माझा मोगली १९८९ सालचा, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने जपानमध्ये रेखाटलेला, बावन्न भागांचा. नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी हिंदीतून लागणारा. मूळ गोष्ट दोघांचीही नाही. ती रुडयार्ड किपलिंगची, १८९४ च्या 'द जंगल बुक' या पुस्तकातली. त्यामुळे खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार ओंकारला नसेल, तर तो मलाही नाही. हे सगळे कळत असूनही एवढे का लागावे?

लागले ते बहुधा अशासाठी की त्या मालिकेतले मला सर्वांत प्रिय असलेले जे काही आहे, ते त्या पोराने ऐकूनही घेतले नाही. गुलजारांचे शब्द आणि विशाल भारद्वाजांची चाल असलेले शीर्षकगीत, नाना पाटेकरांच्या आवाजातला शेरखान. मुरूड-जंजिऱ्यात जन्मलेल्या माणसाचा आवाज जपानी वाघाच्या तोंडी होता, याचा आमच्या घरात केवढा अभिमान असे. त्या रविवारी बाबाही आमच्याबरोबर बसत. पुढच्या वर्षापासून... ते आज लिहायला नको.

पण हे लिहिताना एक गोष्ट लक्षात येते आहे. ते गीत जपानी मालिकेत नव्हते आणि तो आवाजही नव्हता. दोन्ही इथे आणून बसवलेले. म्हणजे ज्याला मी अस्सल म्हणून छातीशी धरले आहे, तो भागच सर्वांत उशिरा जोडलेला आहे.

तरीही सगळ्याच नव्या आवृत्त्या मला सारख्याच मानाच्या वाटत नाहीत. २०१६ साली 'पॉवरपफ गर्ल्स' ही तीन मुलींची कार्टून मालिका पुन्हा आणली, तेव्हा तिन्ही मुलींचे आवाज बदलले होते आणि मूळ निर्माते क्रेग मॅकक्रॅकन त्यात नव्हते. मला ती पाहताना केवळ नावाच्या ओळखीवर उभी केलेली वाटली. उलट २०१७ च्या 'डकटेल्स' या बदकांच्या कार्टून मालिकेत कोणीतरी मनापासून विचार केलेला दिसतो. १९८७ च्या मूळ मालिकेत डोनाल्ड डकचे तिन्ही भाचे एकाच अभिनेत्रीच्या आवाजात बोलत आणि टोप्यांचे रंग पाहिल्याशिवाय मला ते वेगळे ओळखू येत नसत. नव्या मालिकेत प्रत्येकाला स्वतःचा आवाज आणि स्वतःचा स्वभाव मिळाला. त्यांची आई कुठे गेली, हा प्रश्नही तिथे कथेच्या केंद्राशी आणला गेला. हा प्रश्न मला लहानपणी कधी पडला नव्हता, आणि आता तो मनातून जातही नाही.

खरे तर कुडाळ तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. जत्रेत दशावतारी नाटकवाले आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा पूर्वरंग, संपवून आख्यान लावतात, तेव्हा मांडावर बसलेल्या प्रत्येकाला कथा पाठ असते. संवाद लिहिलेले नसतात. राक्षस आणि राजा त्या रात्री आमनेसामने काय बोलतील, यासाठीच तर आपण पहाटेपर्यंत थंडीत जागतो. मागच्या वर्षीचा राजा खरा आणि हा खोटा, असे आजवर मी एकदाही म्हटलेले नाही. आवडला नाही तर "आज रंगला नाय" एवढेच म्हणून आपण घरी येतो. मग टीव्हीवरच्या मोगलीसाठीच माझे माप इतके कडक का? माझ्या लहानपणाचे असे फारच थोडे मागे उरले आहे की ते दुसऱ्या कोणी नव्याने सांगावे हे मला सोसत नाही, हेच त्याचे उत्तर असावे.

ते सोसायला हवे आहे, आणि आज सकाळपासून थोडे सोसतेही आहे. ओंकारच्या मोगलीतला शेरखान कसा बोलतो, हे मला ठाऊकच नाही. संध्याकाळी त्याच्याबरोबर बसून ऐकणार आहे. नाना पाटेकरांचा आवाज तेवढा वेळ कानांतून बाजूला ठेवणे मला जमेलच असे नाही.