तुम्ही विचारलंत म्हणून: सगळ्यात आवडतं रोमन नाणं कोणतं?

रोमन नाण्यांचा विषय निघाला की हा प्रश्न हटकून येतो. विचारणाऱ्याला सीझरचं नाव अपेक्षित असतं. माझं उत्तर: प्लॉटिलाचं.

प्लॉटिला ही काराकाल्लाची बायको. लग्न इ.स. 202 मधलं, नवरदेव चौदा वर्षांचा. तिचा बाप प्लॉटियानस म्हणजे काराकाल्लाच्या वडिलांचा, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसचा, उजवा हात. त्याने दिलेला हुंडा पन्नास राजकन्यांना पुरला असता, असं त्या काळचा इतिहासकार कॅसियस डिओ लिहितो. हा डिओ सिनेटर होता. तो ऐवज फोरममधून, म्हणजे रोमच्या मुख्य चौकातून, राजवाड्याकडे नेताना त्याने स्वतः पाहिला. पण पोराला ही बायको नकोच होती. दुसरा इतिहासकार हेरोडियन म्हणतो, तो तिच्याबरोबर जेवतसुद्धा नसे.

आता नाणं बघा. चांदीचा देनारियस, जेमतेम 18-19 मिलिमीटरचा. पुढे प्लॉटिलाचा चेहरा. उलटवलं की नवराबायको हातात हात देऊन उभी, आणि कडेने अक्षरं: शाश्वत सलोख्याची, कॉन्कॉर्डियाची. दुसऱ्या एका नाण्यावर तशीच जोडी आणि वंशवृद्धीची ग्वाही!

सम्राज्ञींसाठी टाकसाळीकडे असे गुण ठरलेलेच असत. पुदिसितिया म्हणजे शील, फेकुंदितास म्हणजे भरली कूस, पिएतास म्हणजे देवाधर्माची आणि घरच्यांची निष्ठा. प्रत्येक गुणाला बाईचं, देवीचं रूप. सम्राट मार्कस ऑरेलियसच्या बायकोला, धाकट्या फॉस्टिनाला, डझनभर तरी मुलं झाली, तिला फेकुंदितास शोभते. पण सम्राट कॉमोडसच्या बायकोला, क्रिस्पिनालाही कॉन्कॉर्डियाच मिळाली, आणि नवऱ्याने तिला कॅप्री बेटावर धाडून मारवलं. नाण्यांवरचा हा मजकूर मी लग्नपत्रिकेसारखा वाचतो: घरच्यांची हौस कळते, संसाराचं काही कळत नाही.

205 मध्ये प्लॉटियानस मारला गेला आणि प्लॉटिलाची रवानगी लिपारी बेटावर झाली. 211 मध्ये सासरा गेला, काराकाल्ला गादीवर आला आणि त्याने तिलाही संपवलं. रोममध्ये सराफांनी 204 साली उभारलेल्या कमानीवर त्याच्या शेजारची तिची आकृती छिन्नीने तासून टाकलेली आहे. नाणी मात्र तोवर लोकांच्या हातात गेली होती. ती आजही लिलावात बरीच दिसतात, आणि त्या मानाने महाग नसतात. घ्यायचंच झालं तर हातात हात असलेलं घ्या, एकट्या देवीचं नको.