सोलापुरात बसून समुद्राचा स्पंज कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून

"मॅडम, सोलापुरात समुद्र कुठाय?" हा प्रश्न मी नोकरीतली तेहेतीस वर्षं ऐकला. प्राणिशास्त्राच्या पहिल्या वर्षाला पोरिफेरा, म्हणजे स्पंजांचा वर्ग, शिकवायला घेतला की मागच्या बाकावरून तो यायचाच. निवृत्त झाले तेव्हा वाटलं, सुटले. कसची सुटते! व्हॉट्सअ‍ॅपवर स्पंजाविषयी दोन ओळी टाकल्या की चुलतभाऊ विचारतो, शेजारच्या काकू विचारतात. परवा चाटी गल्लीत चादर घ्यायला गेले, तर ओळखीचे दुकानदार गठ्ठा सोडता सोडता म्हणाले, "ओ मॅडम, आपल्याकडं हिप्परगा नि उजनी. समुद्राचं तुम्हाला काय पडलंय?" आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा बसून सांगते.

आधी एक खुलासा. भांडी घासायचा पिवळा-हिरवा तुकडा म्हणजे मी म्हणते तो स्पंज नव्हे. खरा स्पंज हा प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, हृदय नाही, मज्जातंतूही नाहीत. अंगभर बारीक छिद्रं. आतल्या पेशी शेपटासारखे तंतू हलवत राहतात, त्यानं पाणी आत ओढलं जातं, त्यातलं खाद्य गाळून घेतलं जातं आणि मोठ्या तोंडानं पाणी बाहेर पडतं. आयुष्यभर हेच काम. काही स्पंज दिवसाकाठी स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी गाळतात. जागा सोडून जाणं नाही, पाणी निवडणं नाही. जे येईल ते अंगावर घ्यायचं.

आमच्या विभागाच्या काचेच्या कपाटात 'व्हीनसची फुलांची परडी' होती. काचेच्या धाग्यांनी विणलेली उभी नळी, पांढरीशुभ्र. कोळंबीच्या जातीची एक जोडी लहानपणीच त्या नळीत शिरते, आत मोठी होते आणि मग जाळीतून बाहेर पडता येत नाही, जन्मभर दोघं तिथंच. एवढं सांगितलं की वर्गात हशा पिकायचा आणि परीक्षेत तेवढंच उत्तर नीट यायचं.

मला स्वतःला मात्र स्पंजाचं वेड लागलं ते एका स्लाइडनं. कोकणच्या सहलीहून आलेल्या एका विद्यार्थिनीनं किनाऱ्यावर पडलेला वाळका, तपकिरी, चिमटीएवढा स्पंज कागदात बांधून आणला होता. वास असा की शिपाईमामांनी खिडक्या उघडल्या. त्याचा कण काचेच्या वाटीत घेऊन वर ब्लीच ओतलं. मांसल भाग फसफसत विरघळत गेला आणि तळाशी पांढरा गाळ उरला, बोटाला रांगोळीसारखा लागणारा. तीन-चार वेळा धुऊन थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, तर सुयाच सुया! सरळ, वाकलेल्या, एका टोकाला जाडसर. सगळ्या काचेच्या. व्हिनेगरचा थेंब टाकून पाहिला, बुडबुडा आला नाही. चुना असता तर आला असता. हाड नसलेल्या प्राण्यानं समुद्राच्या पाण्यातून सिलिका वेचून सुया घडवल्या होत्या. समुद्रातलं काय घ्यायचं आणि त्याचं काय करायचं, हे याला कुणी शिकवलं?

काही स्पंज याहून पुढे जातात आणि दगडासारखा भरीव चुन्याचा सांगाडा रचतात. कॅरिबियन समुद्रातला सेराटोपोरेला निकोल्सोनी हा त्यातला नावाजलेला. प्रवाळांच्या खालच्या अंधाऱ्या कपारीत, गुहांत, खोल उतारावर तो चिकटून असतो. वाढ वर्षाला साधारण 0.2 मिलिमीटर, म्हणजे दोन-तीन केसांच्या जाडीइतकी. माझे वडील 74 व्या वर्षी गेले. त्यांचं अख्खं आयुष्य या सांगाड्यात जेमतेम दीड सेंटीमीटर, करंगळीच्या नखाएवढं. यातले काही स्पंज कित्येक शतकं जगतात, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळातला थर आत खोलवर आणि आजचा वर, असा एकच प्राणी हातात येऊ शकतो.

वडिलांचं नाव निघालंच आहे तर सांगते. ते गिरणीत जॉबर होते, म्हणजे मागांवर देखरेख ठेवणारे. कापड उजेडात धरून ते सांगायचे, "हितं माग थांबला होता." मला काही दिसायचं नाही. मग बोट धरून दाखवायचे: आडवी, किंचित दाट रेघ. माग बंद पडून पुन्हा सुरू झाला की ती उमटते. सूत बदललं, रंगाची भट्टी बदलली, तेही त्यांना कळायचं. कापडाला कुणी तारीख घालत नाही, पण विणताना जे घडलं ते त्यात विणलंच जातं. सेराटोपोरेलाचं तसंच आहे. चुन्यात कॅल्शियम बसवताना आसपासच्या पाण्यात शिसं असेल, तर ते कॅल्शियमच्या जागी जाऊन बसतं. स्पंजाला त्यातला फरक कळत नाही.

वाचायचं कसं? सांगाडा मधोमध कापतात, घासून गुळगुळीत करतात आणि बाहेरून आत अशा रेषेवर लेझरनं सुईच्या टोकाएवढे खड्डे पाडत प्रत्येक जागचं शिसं मोजतात. प्रवाळात झाडासारखे वर्षाचे पट्टे बऱ्याचदा दिसतात, इथं ते भरवशाचे नसतात. म्हणून वय युरेनियम-थोरियमच्या पद्धतीनं काढावं लागतं. शिवाय वाढ इतकी मंद की शेजारशेजारची वर्षं एकमेकांत मिसळून येऊ शकतात. तारीखवार रोजनिशी नव्हे, पानं चिकटलेली जुनी वही म्हणा. पण प्रवाळाला उजेड लागतो, कारण त्याच्या अंगात शेवाळं राहतं आणि ते सांगाड्याच्या रसायनात आपला हात घालतं. या स्पंजाला तसला भाडेकरू नाही, त्यामुळे नोंद जास्त स्वच्छ.

पेट्रोलमध्ये शिसं घातलं की इंजिन ठोके देत नाही, हे अमेरिकेत थॉमस मिजली यांनी 1921 साली शोधलं. 1923 पासून ते पेट्रोल विकायला आलं. धूर हवेत, हवेतून पावसात, पावसातून समुद्रात. क्लेअर पॅटरसन हे भूरसायनज्ञ. पृथ्वीचं वय काढण्यासाठी शिसं मोजता मोजता त्यांच्या ध्यानात आलं की प्रयोगशाळेतल्या धुळीतही शिसं आहे. पुढे त्यांनी समुद्र तपासला, तर तळापेक्षा पृष्ठभागाच्या पाण्यात शिसं जास्त निघालं. म्हणजे ते वरून, ताजं पडत होतं. तोवर बहुतेकांचा समज असा की एवढं शिसं निसर्गतःच असतं. आधीचं कुणी मोजूनच ठेवलं नव्हतं, वाद घालणार कशाच्या जोरावर?

इथं स्पंज साक्षीला येतो. बहामाजवळच्या सेराटोपोरेलातल्या शिशाचा अभ्यास 2000 साली प्रसिद्ध झाला. विसाव्या शतकात शिसं चढत गेलेलं आणि अमेरिकेनं पेट्रोलमधलं शिसं कमी करायला घेतल्यावर उतरत गेलेलं, असा आलेख त्या दगडातून निघाला. जमैकाच्या अशाच स्पंजात त्याआधी 1986 साली कोळसा-तेलाच्या धुराचा कार्बन ओळखता आला होता. अलीकडे 2024 मध्ये पोर्तो रिकोच्या स्पंजांवरून 300 वर्षांचं तापमान काढून काहींनी म्हटलं की पृथ्वी आपण समजतो त्याहून जास्त तापली आहे. त्यावर बरीच टीका झाली, आणि मला ती पटते. एका समुद्राच्या एका कोपऱ्यावरून साऱ्या पृथ्वीचा ताप सांगायचा म्हणजे सोलापूरचा मे महिना बघून महाबळेश्वरचा अंदाज बांधण्यासारखं आहे. शिशाचं तसं नाही. ते माणसानं टाकलेलं, मोजता येणारं.

दुकानदारांना मी एवढं सगळं सांगितलं नाही. विचारलं, "तुमच्या तरुणपणी रंगाटीमागचा नाला आठवतो?" लगेच म्हणाले, "आठवतो की! एक दिवस लाल, एक दिवस निळा." कोणत्या साली किती लाल? गप्प झाले. कुणीच लिहून ठेवलेलं नाही. मीही नाही, आणि मी तर तिथून रोज कॉलेजला जायचे, मोपेडवर.

त्या मोपेडमुळेच मी हे उत्तर लिहायला बसले. भारतात देशभर शिसंविरहित पेट्रोल आलं 2000 च्या फेब्रुवारीत. म्हणजे माझ्या मोपेडची बहुतेक वर्षं शिशाच्या पेट्रोलवर गेली. हिंदी महासागराच्या मध्यभागी, मालदीवच्या दक्षिणेला चागोस बेटं आहेत. तिथल्या प्रवाळात 1945 ते 2010 पर्यंतचं शिसं मोजलं गेलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यापासून ते वाढत गेलेलं दिसतं. शिशाच्या समस्थानिकांचं, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंचं, प्रमाण पाहून संशोधकांनी मुख्य स्रोत सांगितला तो भारत: इथं जळलेलं पेट्रोल आणि कोळसा. तो निबंध पहिल्यांदा वाचला तेव्हा मी चहा तसाच ठेवून उठले आणि माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढली.

वडील रोजचा हिशेब लिहायचे. पिवळी पडलेली वही, निळी शाई, पानाच्या कडा झिजलेल्या. दूध, शेंगा, ज्वारी, डॉक्टर, आणि दर चार-पाच दिवसांनी तिरप्या अक्षरात "पेट्रोल 1 लि. – बेबीची गाडी". 1988 च्या नोंदी मी बोट ठेवून मोजल्या. मधे दोन पानं चिकटलेली होती, ती वाफेवर धरून सोडवली. सगळे मिळून 83 लिटर. बेरीज शेवटच्या पानाखाली पेन्सिलीनं लिहून ठेवली आहे.