नांगराच्या रकान्यात न बसलेली साखळी

माझा कर्जाचा अर्ज तिसऱ्यांदा परत आला तेव्हा जुलैची १४ तारीख होती, आणि त्यावर लाल शाईने एकच ओळ लिहिलेली होती : ‘नांगराव्यतिरिक्त साहित्य वगळून सुधारित दरपत्रक सादर करावे.’ यांत्रिक नौकांवरील मासेमारी बंदी ३१ जुलैला संपणार होती. इंजिनाची दुरुस्ती आणि नवी जाळी यांसह अर्ज दीड लाख रुपयांचा होता आणि त्यात होडीच्या नांगराचा वाटा बारा हजारांच्याही आत होता. त्या बारा हजारांतील साखळी आणि दोर यांच्यामुळे सारे कर्ज अडीच महिने अडून राहिले होते. ज्याने एकदा रात्री होडी वाहत जाताना पाहिली आहे, त्याला साखळी ही ‘नांगराव्यतिरिक्त’ वस्तू आहे हे वाचून काय वाटले असेल, ते सांगायला मला अजूनही नीट शब्द सापडत नाहीत.

ती रात्र आधीच्या ऑक्टोबरमधली. माझी होडी २४ फुटी, फायबरची, मागे ९.९ अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन. मालवणच्या किनाऱ्यापासून काही अंतरावर, जिथे खडप, म्हणजे पाण्याखालचा खडक, संपून वाळू सुरू होते तिथे, मी आणि माझा भाचा तांबोशी मासळीसाठी गळ टाकून बसलो होतो. पाणी सहा वाव होते (एक वाव म्हणजे सुमारे सहा फूट). दुपारी समुद्राकडून वारा होता तेव्हा नांगर टाकला आणि पंधरा वाव दोर सोडला. नांगर म्हणजे गावातल्या वेल्डरने सळया जोडून दिलेला चार आकड्यांचा, १२ किलोचा, आणि त्याला दोर थेट बांधलेला. मध्यरात्रीनंतर वारा फिरला, मतलई, म्हणजे जमिनीकडचा वारा, सुरू झाली आणि होडी नांगराभोवती वळली. भरतीने तोवर वावभर पाणी चढले होते. भाच्याला किनाऱ्यावरचा दिवा सरकलेला दिसला, तेव्हा नांगर केव्हाच सुटलेला होता. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झाले नाही. ते सुरू होईपर्यंत तळ खडपाला दोनदा घासला. नांगर वर घेतला तेव्हा दोर त्याच्याच वरच्या आकड्याला गुंडाळला गेलेला होता आणि आम्ही तो उलटा ओढत नेत होतो.

दुसऱ्या दिवशी आमच्या वाडीतल्या एका वयस्कर तांडेलांनी तळाची चीर पाहिली आणि विचारले, “दोर किती सोडलंस?” मी म्हटले, पंधरा वाव. “पाणी किती होता?” सहा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “मगे नांगर तरी काय करतलो?”

त्यांच्या प्रश्नापासून मी हा विषय मुळापासून समजून घ्यायला लागलो. मराठीत शेतातला आणि होडीचा, दोन्ही नांगरच. हा योगायोग नसावा असे मला वाटते, कारण दोघांचे काम एकाच तत्त्वावर चालते. शेतातल्या नांगराला बैलांची ओढ आडवी असेल तोवर फाळ जमिनीत शिरतो. पुढून वर उचलले की फाळ उघडा पडतो. समुद्राच्या तळाशीही तसेच घडते. नांगर वजनाने होडी धरत नाही, तळात रुतून धरतो, आणि रुतण्यासाठी ओढ तळाला समांतर यायला हवी. ती ओढ आडवी ठेवण्याचे काम दोन गोष्टी करतात : नांगराला लागून असलेली जड साखळी आणि सोडलेल्या दोराची लांबी. १९३३ साली जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी लहान नौकांसाठी जो नवा नांगर तयार केला, त्याचा आकार शेतातल्या फाळाचाच होता, आणि त्याचा भर वजनावर नसून रुतण्यावर होता.

हिशोब असा करावा. पाण्याची खोली, त्यात भरतीने चढणारे पाणी, त्यात पाण्यापासून होडीच्या नाळेची, म्हणजे पुढच्या टोकाची, उंची, आणि या बेरजेची किमान पाचपट. वारा वाढणार असेल तर सातपट. माझ्या त्या रात्रीची बेरीज साडेसात वाव होते, म्हणजे साडेसदतीस वाव दोर हवा होता. मी पंधरा सोडला होता, म्हणजे जेमतेम दुप्पट. आमच्याकडे उधाणाला वावभराहून अधिक पाणी चढते. मुंबईकडे त्याच्या दुपटीच्या आसपास चढते, तेव्हा तिकडच्या मंडळींनी ही बेरीज अधिक काळजीने करावी.

त्यानुसार मी ठरवलेली यादी अशी होती : वाळू आणि चिखलासाठी दोन चपट्या पात्यांचा, बिजागरीचा डॅनफोर्थ पद्धतीचा ७ किलोचा नांगर, ८ मिलिमीटर जाडीची ८ मीटर साखळी, म्हणजे होडीच्या लांबीहून किंचित जास्त, वजन सुमारे ११ किलो, १२ मिलिमीटर नायलॉनचा ४५ वाव दोर, आणि जोडणीचे शॅकल, म्हणजे पिन असलेली लोखंडी कडी. ही यादी मी मे महिन्याच्या ६ तारखेला दरपत्रकासह तालुक्याच्या ठिकाणच्या एका कर्ज देणाऱ्या संस्थेत दिली. किसान क्रेडिट कार्डाची सोय २०१८-१९ पासून मच्छीमारांनाही खुली झाली आहे, परंतु ती मुख्यतः खेळत्या भांडवलासाठी आहे. माझा अर्ज साधनांसाठीच्या मुदत कर्जाचा होता, हे नव्याने अर्ज करणाऱ्यांनी आधी समजून घ्यावे.

त्यांच्या छापील अर्जात नांगरासाठी तीन रकाने होते : संख्या, वजन आणि किंमत. साखळीसाठी रकाना नव्हता. दोर ‘जाळी व दोर’ या सदरात होता, पण तिथे दर किलोमागे कमाल रक्कम ठरलेली होती आणि ती जाळ्याच्या बारीक दोराच्या हिशोबाने होती. २७ मे रोजी अर्ज पहिल्यांदा परत आला. कारण दिले होते की दरपत्रकातील बाबी अर्जातील बाबींशी जुळत नाहीत. मी जाऊन भेटलो, तेव्हा समोरच्या कर्मचाऱ्याने मला साखळी जाळ्याच्या सदरात टाकण्याचा सल्ला दिला. मी तसे केले. १८ जूनला अर्ज पुन्हा आला, कारण जाळ्याच्या सदरात लोखंडी वस्तू चालत नाही. त्याच वेळी एक नवी त्रुटीही काढलेली होती : आधीचा नांगर १२ किलोचा असताना नवा ७ किलोचा नांगर त्याहून महाग कसा, याचा खुलासा करावा.

हा खुलासा लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या, आणि तो लिहिताना मी वर सांगितलेली शेतातल्या नांगराची तुलनाच वापरली, कारण त्या कार्यालयातील बहुतेकांची घरची शेती होती. मी लिहिले की सळ्यांचा जड नांगर हा खडपात अडकण्यासाठी असतो, वाळूत तो लोळतो. पात्यांचा हलका नांगर वाळूत शिरतो, आणि त्याला शिरू देण्यासाठी साखळी लागते. म्हणून साखळीविना नांगर मंजूर करणे म्हणजे जूविना नांगर देण्यासारखे आहे. ते पत्र अधिकाऱ्यांनी वाचले. त्यांनी मला आत बोलावून दोन प्रश्नही विचारले, आणि ते योग्य प्रश्न होते. त्यांनी सांगितले की तुमचे म्हणणे त्यांना पटले आहे, पण सदरात नसलेल्या बाबीला रक्कम देण्याचा अधिकार त्यांना नाही. वरच्या कार्यालयाकडे विचारणा पाठवली जाईल. त्या विचारणेचे उत्तर म्हणून १४ जुलैची लाल ओळ आली.

मधल्या दिवसांत मी नऊ वेळा त्या कार्यालयात गेलो. दर वेळी एसटीचा प्रवास, दर वेळी अर्धा दिवस, आणि तीन वेळा संबंधित व्यक्ती रजेवर. ओळखीचे लोक सांगत होते की नांगराची बाब काढून टाक, इंजिन आणि जाळ्याचे पैसे आठवड्यात मिळतील, साखळीचे पुढे बघू. त्यांचा हेतू चांगला होता. परंतु ‘पुढे बघू’ म्हटलेल्या वस्तूशिवायच मी ऑक्टोबरमध्ये समुद्रात होतो, आणि माझ्यासोबत बहिणीचा मुलगा होता. मी बाब काढली नाही, आणि त्या हट्टाचा मला आजही अभिमान वाटतो.

मार्ग दाखवला तो दुकानदाराने. त्याने दरपत्रक नव्याने लिहून दिले आणि चारही वस्तू एकाच क्रमांकाखाली घेतल्या : ‘नांगर संच, १, (नांगर, साखळी, शॅकल व दोरासह)’. वजनाच्या रकान्यात संपूर्ण संचाचे वजन आले. यात खोटे काहीच नव्हते. नांगर, साखळी आणि दोर हे खरोखर एकच साधन आहे. १७ जुलैला ते दरपत्रक दिले आणि २८ जुलैला कर्ज मंजूर झाले. कोणी असा अर्ज करणार असेल, तर पहिल्याच दिवशी दरपत्रक ‘संच’ म्हणून लिहून घ्यावे. गावातल्या वेल्डरकडून नांगर करून घेणार असाल तर त्याचीही पावती आधीच मागावी, पावती नसलेली वस्तू कोणत्याही कार्यालयात मोजली जात नाही.

खरेदीत एका चुकीतून मी थोडक्यात वाचलो. दुकानात चकचकीत साखळी स्वस्त मिळत होती. चकचकीत साखळीवर जस्ताचा मुलामा विजेने दिलेला आणि फार पातळ असतो. खाऱ्या पाण्यात तो लवकर जातो. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेली साखळी मळकट राखाडी आणि हाताला खरखरीत लागते, आणि घ्यायची ती हीच. दोराचेही तसेच. हिरवा किंवा निळा पॉलिप्रोपिलीनचा दोर स्वस्त असतो, पण तो पाण्यावर तरंगतो आणि इंजिनाच्या पंख्यात अडकू शकतो. नायलॉन बुडतो आणि ताणला जातो, त्यामुळे लाटेचा हिसका नांगरापर्यंत पोहोचण्याआधी दोरातच विरतो.

नारळी पौर्णिमेनंतर पहिल्यांदा होडी काढली तेव्हा नांगर टाकण्याची जुनी सवय मोडायला मला वेळ लागला. पूर्वी आम्ही नांगर भिरकावत असू. आता वाऱ्याकडे किंवा प्रवाहाकडे नाळ करून होडी थांबवतो, नांगर हाताने तळापर्यंत सोडतो, आणि होडी मागे सरकेल तसतशी साखळी आणि दोर सोडत जातो, म्हणजे साखळी नांगरावर ढीग होऊन पडत नाही. ठरलेली लांबी गेली की दोर नाळेच्या खुंट्याला बांधून इंजिन सावकाश मागे चालवतो. नांगर रुतला की दोर ताठ होतो आणि होडी थांबते. दोरावर हात ठेवला की कळते : हाताला सतत थरथर लागत असेल तर नांगर तळावर घासतो आहे. शिवाय किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात. मी दिवसा सिंधुदुर्ग किल्ल्याचा एक बुरूज आणि त्यामागचा एक माड धरतो, रात्री दोन दिवे.

दोराचे शेवटचे टोक नांगर टाकण्याआधी होडीला बांधलेले आहे का, हे पाहावे. हे सर्वांत आधी सांगायला हवे होते. आणि नांगर कधीही मागच्या बाजूने बांधू नये. मागची बाजू सपाट आणि बुटकी, त्यात इंजिनाचे वजन. लाट चढली की पाणी थेट आत येते.

पात्यांच्या नांगराचाही एक दोष आहे आणि तो आमच्या किनाऱ्यावर महत्त्वाचा ठरतो. ओढ पूर्ण उलट दिशेने आली तर तो उपटला जाऊ शकतो, आणि पात्यांत दगड किंवा शिंपला अडकला असेल तर पुन्हा रुतत नाही. आपल्याकडे पावसाळा सरला की दुपारचा वारा समुद्रावरून आणि रात्रीचा जमिनीवरून येतो, म्हणजे ओढ रोज एकदा उलटते. म्हणून मतलई सुरू झाली की मी भाच्याला उठवतो, खुणा पुन्हा जुळवतो, आणि शंका आली तर नांगर काढून नव्याने टाकतो.

खडपासाठी सळ्यांचा जुना नांगर मी ठेवला आहे, मात्र त्याचे आकडे बदलून अशा मऊ सळयांचे करून घेतले आहेत की, अडकल्यास इंजिनाने ओढल्यावर ते सरळ होतात आणि नांगर सुटतो. घरी आल्यावर पाइप घालून ते पुन्हा वाकवता येतात. जिथे खाली प्रवाळ आहे तिथे मात्र तोही टाकू नये. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि एका नांगराने मोडलेले प्रवाळ पुन्हा तितके वाढायला कित्येक वर्षे लागतात. त्याच प्रवाळाच्या आडोशाला आपली मासळी राहते.

शॅकलची पिन तारेने बांधून टाकावी, नाहीतर ती हळूहळू फिरून निघते. नाळेवर दोर जिथे घासतो तिथे जुन्या पाइपाचा तुकडा चढवावा. घरी आल्यावर साखळी गोड्या पाण्याने धुवावी.

गेल्या डिसेंबरात आम्ही पुन्हा त्याच खडपाच्या कडेला होतो. रात्री वारा फिरला, होडी वळली, दोर एकदा सैल पडून पुन्हा ताठ झाला. मी दोरावर हात ठेवून बराच वेळ बसलो, थरथर नव्हती. दोन्ही दिवे एका रेषेत होते. भाचा विचारत होता की नांगर काढायचा का, आणि मी त्याला गळ टाकायला सांगितले.