अडीच मिलिमीटर

शंभर मिलिमीटर व्यासाचा एक गोळा. चांगल्या टपोऱ्या मोसंब्याएवढा. तो गाडीच्या अंगावरून फिरवायचा आणि जिथे जिथे टेकेल तिथली प्रत्येक कड निदान अडीच मिलिमीटर त्रिज्येने गोल हवी. ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणायची तर आयव्हीए नावाची तपासणी पार करावी लागते, तिच्या जाडजूड नियमपुस्तिकेतला हा एक नियम. मी तो वाचला होता. दोनदा वाचला होता. ‘बरं, कडा घासून घेऊ’ म्हणत पान उलटलं होतं. त्या पानापायी तयार गाडी जवळजवळ पाच महिने गॅरेजात बसून राहिली, आणि तो राग अजून पुरता गेलेला नाही.

गाडी लोटस सेव्हन या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारच्या घाटाची. लोटस कंपनीचा संस्थापक कॉलिन चॅपमन याने १९५७ साली आणलेली मूळ सेव्हन म्हणजे नळ्यांचा सांगाडा, वर अॅल्युमिनियमचा पत्रा, दोन माणसांपुरती जागा आणि बाकी काही नाही. तेव्हा बांधलेल्या गाडीवर पर्चेस टॅक्स, म्हणजे खरेदीकर, लागे, सुट्या भागांवर नाही, म्हणून लोक ती पेट्यांमधून घरी नेऊन जोडत. जोडणीची पुस्तिका सोबत दिली तर कराची सूट जाते म्हणून ‘गाडी कशी खोलावी’ अशी पुस्तिका द्यायचे आणि गिऱ्हाईक ती उलटीकडून वाचायचं, असं सांगतात. १९७३ साली तो कर जाऊन व्हॅट आला, पेट्यांचा फायदा संपला. त्याच वर्षी लोटसने सेव्हनचे हक्क केटरहॅम या कंपनीकडे दिले. घाट मात्र टिकला. आजही तसे सांगाडे विकत मिळतात, आणि इंजिन कोणतं घालायचं ते आपलं आपण ठरवायचं.

मी फोर्डचं दोन लिटरचं ड्युराटेक इंजिन घेतलं. मुळात ते माझदाच्याच घराण्यातलं, त्यामुळे माझदाच्या एमएक्स-५ या गाडीचा पाच गिअरचा बॉक्स त्याला फारशी कुरकुर न करता बसतो. वेगळे कॅम (झडपा उघडणारे दांडे), प्रत्येक सिलिंडरला हवा सोडणारी स्वतंत्र थ्रॉटल बॉडी, बाहेरचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक. कारखान्यातून १४५ च्या आसपास अश्वशक्ती घेऊन निघणारं इंजिन दोनशेवर गेलं. तपासणीच्या दिवशी काट्यावर गाडी भरली ५६० किलो. म्हणजे टनामागे साडेतीनशेच्या वर. हा आकडा मी भेटेल त्याला ऐकवत होतो.

सांगाडा, सस्पेन्शन, ब्रेकच्या नळ्या, वायरिंग यांत दोन हिवाळे गेले, पण त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पुस्तक उघडायचं, पाना घ्यायचा, करायचं. वायरिंगच्या वेळी एकदा रडकुंडीला आलो होतो एवढंच. पावत्या मात्र पहिल्या नटापासून जपा, नोंदणीच्या वेळी लागतात. सांगाड्याचा, इंजिनाचा आणि गिअरबॉक्सचा नंबर दिसेल असे फोटो, ते भाग गाडीत बसण्याआधीच काढून ठेवा. नंतर मोबाइल आत खुपसून, मान वाकडी करून काढावे लागतात.

तपासणीत मला भीती होती ती धुराची. जंगी कॅम लावलेलं इंजिन मंद फिरताना खोकतं, आणि इंजिन नव्या जमान्यातलं म्हटल्यावर कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवाल्या (धूर स्वच्छ करणाऱ्या डब्याच्या) मर्यादा लागू होतात: मिनिटाला अडीच ते तीन हजार फेऱ्यांवर कार्बन मोनॉक्साइड ०.२ टक्क्यांच्या आत, लॅम्डा, म्हणजे हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, ०.९७ ते १.०३ च्या मध्ये. दुसरी भीती आवाजाची. एक्झॉस्टच्या तोंडापासून अर्ध्या मीटरवर मायक्रोफोन ठेवून, इंजिन ज्या वेगाला सर्वाधिक ताकद देतं त्याच्या तीन-चतुर्थांश वेगावर मोजतात, मर्यादा ९९ डेसिबल. मी आदल्या आठवड्यात सायलेन्सर खोलून नवं फायबर ठासून भरलं होतं. तिथे आकडा आला ९८. माझे हात घामाने ओले झाले होते. धूरही पास. ब्रेक पास, पुढची चाकं मागच्यांच्या आधी लॉक झाली, जशी व्हायला हवीत. स्टीअरिंग सोडल्यावर आपोआप सरळ होतं का, यावर सेव्हनवाले पुष्कळ जण अडकतात, कारण नाक हलकं. तिथेही मी पुढच्या वरच्या विशबोनचे (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या दांड्याचे) वॉशर इकडचे तिकडे करून कॅस्टर, म्हणजे चाकाच्या वळण्याच्या आसाचा मागे झुकलेला कोन, वाढवून घेतला होता. बाजारहाटाच्या ट्रॉलीचं पुढचं चाक जसं वळून दांड्यामागे येतं, तेच तत्त्व. पास.

आता घरी जायचं, असं मी मनात म्हटलं, आणि परीक्षकाने तो गोळा काढला.

माणूस सभ्य होता. एकदाही आवाज चढवला नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. तो गुडघ्यावर बसला, टॉर्च लावला आणि पुढच्या डाव्या दिव्याच्या ब्रॅकेटपासून सुरुवात केली. गोळा ब्रॅकेटच्या खालच्या कडेला टेकला. त्याने खिशातून पत्र्याची त्रिज्या मोजायची पट्टी काढली, कडेला लावून पाहिली, मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग दिव्याचा बोल्ट. मग विशबोनचे नट. सेव्हनचं पुढचं सस्पेन्शन उघडंच असतं, तिचं निम्मं रूप त्यात आहे, आणि त्यातला प्रत्येक नट त्या गोळ्याच्या वाटेत येतो. दहा-बारा नटांवर मी प्लॅस्टिकची टोपणं घातली होती. चार ठिकाणी विसरलो होतो. मग आत. आत गोळा मोठा असतो, १६५ मिलिमीटरचा, म्हणजे डोकं कुठे आपटू शकेल त्याचा अंदाज. डॅशबोर्डची खालची कड, आणि जुन्या रेसिंग गाड्यांत असत तसे हौसेने आणलेले धातूचे टॉगल स्विच. स्विचपाशी तो जरा थांबला. ‘दिसतात छान,’ म्हणाला, आणि लिहिलं.

कागद हातात पडला तेव्हा त्यावर नऊ ओळी होत्या. नऊच्या नऊ कडांच्या.

घरी येताना मला ट्रेलर ओढताना जे सुचलं ते आधी सुचायला हवं होतं. अडीच मिलिमीटर त्रिज्येची कड हवी म्हणजे तो पत्रा निदान पाच मिलिमीटर जाड हवा. साधी भूमिती. दीड मिलिमीटरच्या पत्र्याला कितीही कानस मारली तरी त्याची त्रिज्या पाऊण मिलिमीटरच्या पुढे जाणार नाही. आणि माझी अख्खी गाडी दीड मिलिमीटरची! वजन वाचवायला पुढचे मडगार्ड कार्बन फायबरचे घेतले होते, इतके पातळ की बोटाने टिचकी मारली तर वाजायचे. गाडी जितकी हलकी, तितक्या तिच्या कडा पातळ, तितक्या नापास. कानस आणि पॉलिश पेपर घेऊन मी आधीचे तीन रविवार जे घासत बसलो होतो ते निव्वळ हातांचा व्यायाम होता. अशा कडेवर गोल रबरी पट्टी चढवणं किंवा ती आत दुमडणं, हे दोनच उपाय.

फेरतपासणीची तारीख सहा आठवड्यांनंतरची मिळाली. मूळ शुल्क ४५० पौंड होतं, फेरीचे वेगळे ९०. पैशांपेक्षा ते सहा आठवडे टोचले, कारण बाहेर अख्खा जून आणि उघड्या गाडीचं हवामान.

दोन घरं सोडून राहणाऱ्या एका आजोबांनी वीस वर्षांपूर्वी अशीच गाडी बांधली होती. तेव्हाची तपासणी वेगळ्या नावाची, पण कडांचा जाच तोच. ते आले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘बायकोचा नायलॉनचा मोजा आण. हातात घाल आणि सगळीकडून फिरव. अडकला की तिथे काम.’ मोजा मागितल्यावर घरातून आलेलं उत्तर इथे लिहीत नाही. पण मोजा मिळाला, आणि त्याने परीक्षकाच्या यादीत नसलेल्या आणखी सात जागा दाखवल्या. त्याशिवाय हस्तकलेच्या दुकानात थर्माकोलचे शंभर मिलिमीटरचे गोळे मिळतात, त्यातला एक आणा. किंमत किरकोळ. मला हे पहिल्या तपासणीच्या आधी कोणी सांगितलं असतं तर हा लेखच झाला नसता.

स्विच बदलले, सपाट बसणारे आणले. टोपणांचं पन्नासाचं पाकीट मागवलं. डॅशखाली, ब्रॅकेटला, मडगार्डच्या कडांना रबरी पट्टी.

दुसऱ्या वेळी गाडी ट्रेलरवरून उतरवली आणि उजव्या मडगार्डची पट्टी जागेवर नव्हती. मोटरवेवर सत्तरेक किलोमीटर वाऱ्याने तिला सोलत नेली असणार. उरलेलं दोन बोटांचं शेपूट लोंबत होतं. परीक्षक तोच. त्याने आठ ओळींवर बरोबरच्या खुणा केल्या, नवव्या ओळीपाशी येऊन शेपटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पट्टीचं भेंडोळं गाडीत आणलं असतं तर जागच्या जागी लावता आली असती. ते घरी फडताळात होतं. म्हणून सांगतो: पट्टी, टोपणं, गोंद, कात्री, सगळं सोबत न्या. आणि गोंद लावण्याआधी कार्बनवरचं मेण स्पिरिटने पुसा. मी नुसतं कापडाने पुसलं होतं.

आणखी सात आठवडे. आणखी ९० पौंड. तिसऱ्या खेपेला मी मडगार्डवर मास्किंग टेप गुंडाळून गाडी नेली आणि तिथे पोचल्यावर काढली. तपासणी चार मिनिटं चालली.

प्रमाणपत्र मिळाल्यावर नोंदणीचे फॉर्म, पावत्या, विमा. तिथे काही अडलं नाही, पावत्या होत्या. गाडीला नंबर मिळण्याआधी विमा सांगाड्याच्या नंबरावर काढता येतो, फक्त कंपनीला फोनवर दोनदा समजावून सांगावं लागलं. तोवर ऑक्टोबर लागला. पहिल्या फेरीला पाऊस होता आणि छत मी बसवलेलंच नव्हतं. दुसऱ्या गिअरमध्ये थ्रॉटल पुरता दाबला तेव्हा मागची चाकं ओल्या रस्त्यावर सुटली, गाडी हातभर आडवी झाली आणि मी एकटाच मोठ्याने हसलो.

बरेच जण नंबर मिळाला की दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या, टोपणं उपटून टाकतात. आजोबांनाही वाटलं होतं मी काढीन. गेल्या रविवारी गाडी धुताना उजव्या विशबोनवरचं एक टोपण गळालेलं दिसलं. पाकिटात अजून अकरा शिल्लक आहेत. त्यातलं एक आणून दाबून बसवलं.