खाली मान घालून लिस्बन

लिस्बनला यायचं पक्कं झालं आणि तिथे राहणाऱ्या भाचीचा पहिला प्रश्न आला. तो व्हिसाचा नव्हता, तिकिटाचाही नव्हता. "मावशी, पायात काय घालणार आहेस?"

मी सांगितलं, नवीन चामडी चपला घेतल्यात, छान दिसतात.

"त्या घरी ठेव. तळ खरखरीत असलेलं काहीतरी आण."

त्यानंतर तिने बघायच्या जागांची यादी पाठवली. सतरा जागा, प्रत्येकीपुढे कमीजास्त तारे. यादी मी जपून ठेवली, चपलांचं तेवढं ऐकलं नाही. पहिल्याच सकाळी ती कामावर गेली, बाहेर भुरभुर पाऊस होता, आणि दोन गल्ल्या ओलांडायच्या आत मी फुटपाथवर बसले. म्हणजे पडलेच, पण इतकी सावकाश, की बघणाऱ्याला वाटावं बाई दमल्या असतील. लागलं काही नाही. मात्र बसल्या बसल्या ज्यावर पडले ते नीट बघितलं, आणि पुढचे सहा दिवस नजर तिथून फारशी हललीच नाही.

लिस्बनचे फुटपाथ चौकोनी दगडांचे आहेत. पेढ्याएवढे, फार तर वडीएवढे पांढरे चुनखडीचे तुकडे, आणि त्यांत काळ्या तुकड्यांनी काढलेली नक्षी: लाटा, वेलबुट्ट्या, तारे, जहाजं. मध्येच एखाद्या जहाजावर दोन कावळे. हे कावळे शहराच्या मुद्रेतले, संत विन्सेंटच्या अस्थी घेऊन आलेल्या जहाजाची त्यांनी सोबत केली अशी कथा आहे. या फरसबंदीला 'काल्सादा' म्हणतात. पिढ्यान् पिढ्यांच्या पायांनी घासून ती आरशासारखी झालीये. कोरडी असताना चमकते, ओली झाली की माणसं पाडते.

माझी आजी म्हणायची, "खाली बघून चल गो चेडवा, आभाळ खंय पळान जाणा नाय." आमच्या घरापासून विहिरीपर्यंत जांभ्याची पाखाडी होती. पावसाळ्यात तिच्यावर शेवाळ धरायचं आणि अंगठ्याने जमीन पकडत उतरावं लागायचं. ते कसब पुण्याच्या लिफ्टमध्ये तीस वर्षं गंजलं होतं, ते इथं पुन्हा कामाला आलं.

फरसबंदीत नक्षी काढायची ही कल्पना मुळात कैद्यांच्या हातून उतरली. 1842 साली लिस्बनच्या किल्ल्यावरच्या छावणीच्या सेनाधिकाऱ्याने तिथल्या कैद्यांना कामाला लावून पांढऱ्याकाळ्या दगडांची नागमोडी नक्षी घालून घेतली. पायात बेड्या असलेली माणसं दुसऱ्यांच्या पायांखालची शोभा करत होती, आणि ती बघायला शहर लोटलं. लोकांना इतकी आवडली की सहासात वर्षांतच रोसिओचा अख्खा चौक तशाच दगडांनी भरला. तिथली नक्षी लाटांची, नाव 'मार लार्गु', म्हणजे अफाट समुद्र. बघत राहिलं तर सपाट जमीन खरोखर वरखाली होते असं वाटतं. इंग्रज प्रवाशांनी त्याला डोलता चौक म्हणून नावं ठेवली होती. मी मध्यभागी उभी राहिले तेव्हा एक छोटा मुलगा काळ्या लाटेवरून काळ्या लाटेवर उड्या मारत होता, पांढऱ्यावर पाय पडला की बाद. हा खेळ आम्ही शाळेच्या शहाबादी फरशीवर खेळायचो. नियम तेच.

अर्थात यादीतल्या जागाही बघितल्या. 28 नंबरच्या पिवळ्या ट्रामसाठी पाऊण तास रांगेत उभी राहिले, आणि ट्राममध्ये बसायला न मिळता एका जर्मन गृहस्थांच्या काखेतून शहर पाहिलं. त्याविषयी अधिक लिहिण्यासारखं नाही. सांता जुस्टाची लोखंडी लिफ्ट 1902 सालची, पंचेचाळीस मीटर उंच. तिची रांग बघूनच मी जिन्याने वर गेले.

वर गेलं की कार्मुच्या मठाचं चर्च लागतं. लिस्बनमध्ये मान वर करून बघितलेली ही माझी एकमेव जागा, आणि तिला छत नाही. दगडी कमानी एकीपुढे एक उभ्या आहेत, माशाच्या काट्यासारख्या, मध्ये निळं आभाळ, खाली गवत. 1 नोव्हेंबर 1755, सर्व संतांचा सण. सकाळी लोक चर्चमध्ये जमलेले, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि भूकंप झाला. जे मोकळ्या जागेत म्हणून नदीकाठी धावले त्यांच्यावर समुद्राची लाट आली, आणि उरलेलं शहर कित्येक दिवस जळत राहिलं. कार्मुचं छत तेव्हा कोसळलं. पुढे दुरुस्ती सुरू झाली होती, पण ती अर्ध्यावर राहिली. बरं झालं. राजा दों जुझे वाचला, पण नंतर दगडी छपराखाली झोपायला तो धजला नाही. टेकडीवर लाकूड आणि कापडाचा वाडा बांधून मरेपर्यंत, म्हणजे बावीस वर्षं, त्याच्यातच राहिला. लोक त्याला 'राजेशाही झोपडी' म्हणायचे. लातूरच्या भूकंपानंतर कितीतरी दिवस अंगणात झोपणारी माणसं आठवली. त्यांच्या अंगणाला कोणी शाही म्हटलं नाही, एवढाच फरक.

शहर पुन्हा उभं केलं ते मंत्री पोंबालने. नदीकाठचा सखल भाग, बायशा, त्याने सरळ आखीव रस्त्यांचा केला. भिंतींच्या आत लाकडी पिंजरा घालायचा, म्हणजे जमीन हलली तर घर मोडण्याऐवजी झुलेल. हा पिंजरा टिकतो का हे बघायला म्हणे नमुन्याची इमारत बांधून तिच्याभोवती पलटणीकडून कवायत करवली. भूकंपाची नक्कल बुटांनी! मला ही गोष्ट फार आवडली. पायांखालच्या जमिनीचा प्रश्न पायांनाच विचारला.

बायशात एका बँकेच्या इमारतीखाली लहानसं संग्रहालय आहे. भाचीच्या यादीत त्याला एकच तारा होता, मी त्याला सगळे देईन. बँकेचं बांधकाम करताना तळघरात खणलं आणि खालून शहरावर शहर निघत गेलं. वरच्या थरात पोंबालच्या काळचे पाइनचे सोट, दलदलीत ठोकलेले, त्यांवर अख्खी इमारत उभी. पाण्यात बुडून असल्यामुळेच ते कुजले नाहीत. आणि त्याहून खाली रोमन काळातले चौकोनी हौद, मासळी खारवायचे. माहिती देणारी मुलगी मासळी, मीठ, थर असं इंग्रजीत समजावत होती आणि माझ्या नाकात वेंगुर्ल्याचा वास आला. बांगड्याला चीर देऊन मीठ भरायचं, पुन्हा बांगडे, पुन्हा मीठ, हे मला कोणी समजावायची गरज नव्हती. त्या थरांत रोमन लोक माशांचं एक आंबवलेलं कालवणही करायचे, जहाजं भरभरून बाहेर जायचं. वरती बँकेत नोटा मोजत होते. दोन हजार वर्षांत त्या जागेवरचा धंदा घसरला असं माझं प्रामाणिक मत आहे.

तिथून चार पावलांवर नदीकाठचा मोठा चौक. पाट्यांवर त्याचं नाव व्यापार चौक, पण गावातली माणसं म्हणतात 'तेरेइरू दु पासु', म्हणजे राजवाड्याचं खळं. राजवाडा 1755 मध्येच गेला. खळं मात्र नावात राहिलं. गावाकडे अजून 'पाटलांच्या खळ्यात' म्हणतात तेव्हा तिथे ना पाटील असतात ना घर.

बेलेम या नदीकाठच्या भागात एक दिवस काढला. जेरोनिमुश मठाच्या दगडात दोर, शिंपले, गाठी, समुद्रातलं काय काय कोरलंय. 1501 च्या सुमाराला बांधकाम सुरू झालं, आणि पैसा आला पूर्वेच्या मसाल्यांच्या व्यापारावरच्या करातून. मिरी आपल्या किनाऱ्याची आणि आत जायचं तिकीट मीच काढायचं, हे जरा टोचलं. आत दारापाशी वास्को द गामा हात जोडून निजलाय. मेला कोचीला, 1524 साली. पंधरा वर्षांनी अस्थी पोर्तुगालला आणल्या, आणि इथे, या मठात, 1880 मध्ये. मेल्यावरही बराच प्रवास केला माणसाने.

शेजारी 1837 पासून कस्टर्डच्या छोट्या पुऱ्या विकणारं दुकान आहे, वरून दालचिनी भुरभुरून खायच्या. दोन खाल्ल्या. मग आणखी दोन.

नदीकाठी दर्यावर्दींचं स्मारक आहे, 1960 सालचं, गलबताच्या नाळेसारखं, वर हुकूमशाहीच्या काळात घडवलेली ताठ मानेची माणसं. सगळे त्याचे फोटो काढत होते. मी सवयीने खाली बघितलं, तर पायांखाली पन्नास मीटर रुंद दिशाचक्र, आणि मधोमध जगाचा नकाशा, त्यावर जहाजं आणि कुठे कधी पोचले याच्या सनावळ्या. मी आफ्रिकेला वळसा घालून चालत चालत हिंदुस्थानात आले. दहाबारा पावलं लागली. आमचं गाव गोव्याच्या हद्दीपासून तासाभरावर. अदमासाने तिथे उभी राहिले, तर अख्खा कोकण किनारा, गोव्यासकट, माझ्या उजव्या बुटाखाली. (तोवर मी बूट घेतले होते, खरखरीत तळाचे.) साडेचारशे वर्षांचा हिशेब बुटाखाली येतो म्हणून बरं वाटावं की वाईट, ते ठरायच्या आत एका शाळेची सहल माझ्यावरून इंडोनेशियाकडे निघून गेली.

शेवटच्या दिवशी आल्फामात हिंडले. ही खरी पाखाडी. भूकंपातून बरीचशी वाचलेली वस्ती, चढ, पायऱ्या, दोरीवरचे कपडे, दाराशी कुंड्या. एका वळणावर फरशी उकरलेली आणि एक कारागीर बुटक्या स्टुलावर बसलेला. डाव्या हातात दगड, उजव्या हातात हातोडी. तळहातावरच दगड धरून दोन ठोके, फिरवून एक ठोका, वाळूत बसवला की दुसरा उचलला. मोजपट्टी नाही. शेवटी लाकडी धुम्मस घेऊन सगळं ठोकून सपाट केलं. आमच्याकडे पाऊस सरला की चोपण्याने खळं असंच चोपायचे, तोच धप्प आवाज. ही माणसं आता कमी होत चाललीत, म्हणून 1986 पासून पालिकेने त्यांच्यासाठी शाळा चालवली आहे. आणि इकडे म्हाताऱ्या लोकांचं म्हणणं, शाळा राहू दे, आधी पाय न घसरणारं काहीतरी घाला. दोन्ही बाजू मला पटतात. एक डोळ्यांना, एक गुडघ्यांना.

थोडं पुढे एक पांढरा दगड खाचेतून निघून रस्त्यात पडला होता. असे सुटे दगड शहरभर दिसतात. उचलला. वजनाला छान, पर्समध्ये मावेल असा. घरी शोकेसमध्ये कसा दिसेल हेही मनात येऊन गेलं. मग लाज वाटली आणि तो परत खाचेत ठेवला. बसेना. एक कोपरा वरच राहायचा. टाचेने दाबला, बुटाने ठोकला, पुन्हा वर.

भाजीची पिशवी घेतलेली एक आजीबाई चढ चढत आली. थांबली, मला बघितलं, दगडाला बघितलं. सपातेच्या टोकाने तो उलटा केला आणि पायानेच खाचेत ढकलला. बसला. काहीतरी म्हणाली, बहुधा माझ्याबद्दल, आणि चढाला लागली. ओल्या फरशीवरून, पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेत, एकदाही खाली न बघता.